पाचाचे सात, तिसाचे अठ्ठावीस

महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०२४ पासून गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान देण्यास सुरुवात केली, तेव्हा सहकारी दूध संघांनी आणि खासगी प्रकल्पांनी उत्पादकाला किमान ३० रुपये दर द्यावा अशी अट घालण्यात आली होती, आणि दोन्ही रकमा मिळून शेतकऱ्याच्या पदरात लिटरला ३५ रुपये पडतील असे सांगण्यात आले होते. तीन महिन्यांनी, १ ऑक्टोबरपासून, अनुदान ५ वरून ७ रुपये करण्यात आले. मात्र त्याच वेळी प्रकल्पांनी द्यावयाचा किमान दर ३० वरून २८ रुपयांवर उतरवण्यात आला. बेरीज पूर्वीइतकीच, म्हणजे ३५ रुपये राहिली. अनुदानात वाढ झाल्याची बातमी गोठ्यापर्यंत पोहोचली खरी, परंतु गोठ्यातील उत्पन्नात एका पैशाचीही भर पडली नाही. वाढलेले दोन रुपये सरकारी तिजोरीतून निघाले, शेतकऱ्याच्या बँक खात्यात त्यांची नोंद झाली, आणि प्रत्यक्षात तेवढाच भार दूध खरेदी करणाऱ्याच्या डोक्यावरून उतरला. दूध अनुदान नेमके कोणाला मिळते, हा प्रश्न महाराष्ट्रात अनेक वर्षे चर्चिला जात आहे आणि त्याचे उत्तर या दोन आकड्यांच्या हालचालीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसले असेल.

हे उत्तर समजून घ्यावयाचे, तर दुधाचा दर कसा ठरतो ते आधी पाहावे लागते. दूध संकलन केंद्रावर, म्हणजे गावातील ज्या ठिकाणी सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेतले जाते तेथे, प्रत्येक उत्पादकाच्या दुधाचे वजन होते आणि त्याचा नमुना यंत्रावर तपासला जातो. या तपासणीत दोन गोष्टी मोजल्या जातात : फॅट, म्हणजे दुधातील स्निग्धांश, आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे प्रथिने, दुग्धशर्करा, क्षार इत्यादी घनपदार्थ. महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा जो दर जाहीर होतो, तो ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असलेल्या दुधाचा असतो. याहून कमी प्रतीच्या दुधाला प्रत्येक 'पॉइंट'मागे, म्हणजे टक्क्याच्या दहाव्या हिश्श्यामागे, ठरावीक रक्कम कापली जाते. ही कपात अनेक वर्षे पॉइंटला ३० पैसे या प्रमाणात होती. २०२३ मध्ये शासनाने दर ठरवून दिल्यानंतर अनेक खरेदीदारांनी ती एक रुपयापर्यंत वाढवली, अशी तक्रार दूध उत्पादकांच्या संघटनांनी केली. एखाद्या गायीच्या दुधाचा एसएनएफ ८.५ ऐवजी ८.२ भरला, तर जुन्या पद्धतीने लिटरमागे ९० पैसे जातात आणि नव्या पद्धतीने ३ रुपये. संकरित गायींच्या दुधातील घनपदार्थ उन्हाळ्यात उतरतात, आणि हिरवी वैरण कमी पडली किंवा पेंडीचे प्रमाण घटवले तरीही उतरतात. त्यामुळे जाहीर दर जसाच्या तसा राहूनही हाती येणारा दर किती पडावा, हे कपातीच्या तक्त्यावर अवलंबून असते. जानेवारी २०२४ च्या अनुदान योजनेत कपातीचे आणि वाढीचे प्रमाण पुन्हा पॉइंटला ३० पैसे असे लिहून देण्यात आले, ही त्या योजनेतील सर्वांत मोलाची तरतूद म्हणावी लागेल. तिची चर्चा मात्र पाच रुपयांच्या तुलनेत फारच थोडी झाली.

दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी मिळतात. उसाचा पैसा वर्षा-दीड वर्षाने येतो, कांद्याचा आणि सोयाबीनचा हंगामाला एकदा येतो, तर दुधाचा महिन्यातून तीनदा येतो. म्हणून ग्रामीण भागात त्याला 'दुधाचा पगार' असे म्हणण्याची रीत आहे. किराणा, मुलांची फी, दवाखाना आणि बचत गटाचा हप्ता या पगारावर चालतो. तोटा होत असतानाही दुधाचा धंदा का बंद केला जात नाही, याचे उत्तर या दहा दिवसांच्या चक्रात आहे : रोख पैसा देणारी दुसरी कोणतीही वाट अल्पभूधारकापाशी नसते, आणि तोटा त्याच्या स्वतःच्या व घरातील स्त्रियांच्या न मोजलेल्या श्रमातून भरून निघत राहतो.

या तोट्याचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. दिवसाला १० लिटर दूध देणाऱ्या संकरित गायीला शरीरपोषणासाठी दीड ते दोन किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे सुमारे एक किलो असे मिळून साडेपाच-सहा किलो पशुखाद्य लागते, असे पशुआहारशास्त्राचे ढोबळ प्रमाण आहे. सरकी पेंड आणि गोळी पेंड यांचा सरासरी भाव किलोला ३० रुपये धरला, तर केवळ खाद्याचा खर्च १६५ ते १८० रुपये होतो. जानेवारी २०२४ च्या योजनेतील २७ रुपये या किमान दराने त्या गायीचे दूध दिवसाला २७० रुपये देते. उरलेल्या ९० ते १०५ रुपयांत वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, चार-पाच किलो कडबा, खनिज मिश्रण, औषधपाणी, कृत्रिम रेतन, वीज आणि मजुरी बसवावी लागते. शिवाय गाय बारमाही दूध देत नाही. पुढच्या वेतापूर्वी किमान दोन महिने ती भाकड, म्हणजे दूध न देणारी, असते आणि गाभण राहण्यास उशीर झाला तर हा काळ लांबतो. वैरण मात्र तिला रोजच लागते. लिटरला किमान ४० रुपये दर मिळावा, ही २०२४ च्या आंदोलनांतील मागणी हा हिशेब मांडला की अवास्तव वाटत नाही.

खर्चाची आणखी एक बाजू सरकारी चर्चेत सहसा येत नाही. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच; मार्च २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने ती वळू आणि बैलांनाही लागू झाली. संकरित गायीच्या पोटी जन्मणाऱ्या गोऱ्ह्याला शेतीकामात फारशी मागणी नसते, आणि दूध आटलेल्या म्हाताऱ्या गायीला पूर्वी जी काही किंमत येत असे, तिच्यातून नव्या गायीच्या खरेदीला हातभार लागत असे. ती वाट बंद झाल्यावर हा बोजा कोणी उचलायचा, याची कोणतीही तरतूद दुधाच्या दरात झाली नाही. गोवंश सांभाळण्याचा निर्णय समाजाने घेतला असेल, तर त्याचा खर्च दोन गायींच्या मालकाने एकट्याने सोसावा ही अपेक्षा अन्याय्य आहे.

दुधाचे भाव कोसळण्याचे कारण बहुतेक वेळा दुधाच्या पिशवीत नसून दूध भुकटीच्या पोत्यात असते. पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), सोलापूर, सातारा, सांगली या पट्ट्यात संकरित गायींचे दूध मोठ्या प्रमाणावर आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या रेताचा वापर करून गावोगाव केलेल्या संकरीकरणाचा या घडणीत मोठा वाटा आहे. शहरांत पिशवीतून विकले जाणारे दूध संपले की उरलेल्या दुधातील पाणी काढून भुकटी आणि लोणी बनवले जाते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या १०० लिटर गायीच्या दुधापासून ढोबळमानाने पावणेनऊ किलो स्निग्धांशविरहित भुकटी आणि साडेतीन किलोंहून थोडे अधिक तूप निघते. याचा अर्थ असा की भुकटीचा भाव किलोमागे १०० रुपयांनी उतरला, तर १०० लिटर दुधाच्या किमतीतून ८७५ रुपये, म्हणजे लिटरमागे पावणेनऊ रुपये नाहीसे होतात. पाच किंवा सात रुपयांचे अनुदान ज्या खड्ड्यात पडते तो खड्डा एवढा खोल असतो. हिवाळ्यात, गायी-म्हशी अधिक प्रमाणात व्यालेल्या असतात आणि चारा मुबलक असतो त्या पुष्टकाळात दूध वाढते आणि भुकटीचे साठे फुगतात; उन्हाळ्यातील कृशकाळात ते उतरणे अपेक्षित असते. जागतिक बाजार मंद असला आणि देशांतर्गत भाव त्याहून चढे असले की निर्यातीचा मार्ग बंद होतो, साठे तुंबतात, आणि तुंबलेल्या साठ्याचा दाब दहा दिवसांनी निघणाऱ्या बिलावर येतो.

२०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने जनावरे दगावली आणि दूध घटले, भुकटीला भाव आला, आणि २०२३ च्या प्रारंभी महाराष्ट्रात गायीच्या दुधाला ३७-३८ रुपयांपर्यंत दर मिळाला. तो उतरू लागताच शासनाने जुलै २०२३ मध्ये समितीच्या शिफारशीवरून ३४ रुपये हा किमान दर ठरवून दिला. वर्ष संपण्यापूर्वीच अनेक ठिकाणी दर त्याहून सहा-सात रुपयांनी खाली आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पाच रुपयांच्या अनुदानाची घोषणा झाली, तेव्हा ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफच्या दुधाला संघांनी २९ रुपये द्यावेत अशी अट होती; जानेवारी २०२४ मध्ये निर्णय अमलात आला तोपर्यंत ती अट ३.५ आणि ८.५ प्रतीला २७ रुपये अशी झाली होती. दुधाची अपेक्षित प्रत चढली आणि किमान दर उतरला. २७ आणि ५ मिळून ३२ रुपये होतात. सहा महिन्यांपूर्वी अनुदानाशिवाय जो दर शासनाने योग्य मानला होता, त्याहून अनुदानासह मिळणारी रक्कम दोन रुपयांनी कमी होती.

या २७ रुपयांना आणखी जुना इतिहास आहे. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर शासनाने गायीच्या दुधाला २७ रुपये आणि म्हशीच्या दुधाला ३६ रुपये दर जाहीर केला होता. वर्षभरात भुकटीचे भाव पडले आणि गायीच्या दुधाचा दर काही भागांत १७ ते २० रुपयांपर्यंत घसरला. तेव्हा १६ जुलै २०१८ पासून स्वाभिमानी शेतकरी संघटनेने राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली मुंबई-पुण्याचे दूध रोखले. शेतकऱ्यांच्या खात्यात थेट ५ रुपये जमा करावेत, ही त्या आंदोलनाची मागणी होती. तोडग्यात शेतकऱ्याला २५ रुपये दर देण्याचे ठरले आणि पाच रुपये प्रक्रिया करणाऱ्यांना, पिशवीबंद विक्रीखेरीज इतर कारणांसाठी वापरल्या जाणाऱ्या दुधावर, देण्यात आले. साडेसहा वर्षांच्या काळात पेंड, मजुरी, डिझेल आणि औषधे महागत गेली, तरी जून २०१७ मध्ये किमान म्हणून जाहीर झालेला आकडाच जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा किमान म्हणून पुढे आला.

शासनाने या काळात मदतीचे तीन मार्ग वापरून पाहिले. २०१८ मध्ये पैसा प्रकल्पांना दिला गेला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने हॉटेले, चहाच्या टपऱ्या आणि मिठाईची दुकाने बंद झाली, तेव्हा शासनाने 'महानंद'मार्फत दिवसाला १० लाख लिटर अतिरिक्त दूध २५ रुपयांनी विकत घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय घेतला. २०२४ मध्ये पैसा उत्पादकाच्या खात्यात गेला. या तिन्हींत शेवटचा मार्ग निःसंशय अधिक स्वच्छ आहे. पहिल्या मार्गात प्रकल्पाने शेतकऱ्याला खरोखर ठरलेला दर दिला की नाही हे तपासणे अवघड असते. दुसऱ्यात शासन ज्यांचे दूध घेते त्यांचेच भागते. थेट खात्यात पैसे जमा करण्याच्या पद्धतीने खासगी प्रकल्पांना दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांनाही मदतीच्या कक्षेत आणले, आणि राज्यातील संकलित दुधाचा मोठा हिस्सा आज खासगी प्रकल्पांकडे जात असल्यामुळे ही गोष्ट लहान नव्हती. तरीही थेट खात्याचा मार्ग एका गोष्टीपुढे हतबल ठरतो. दूध खरेदी करणाऱ्याला अनुदानाची रक्कम आधीच माहीत असते आणि दर ठरवण्याचा अधिकार त्याच्याच हातात असतो. त्यामुळे पैसा कोणाच्याही खात्यात गेला तरी मूळ दर कमी करून तो आपल्या बाजूला वळवणे त्याला शक्य होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर ही वजाबाकी शासनानेच आपल्या निर्णयात लिहून दिली.

प्रक्रिया उद्योगाचे म्हणणे येथे नोंदवणे आवश्यक आहे. भुकटी आणि लोणी यांच्या पडलेल्या भावात ३० रुपयांनी दूध घेणे परवडत नाही, साठ्यात भांडवल अडकते, आणि बँकेचे व्याज थांबत नाही, हे त्यांचे म्हणणे वर दिलेल्या हिशेबावरून खोटे ठरवता येत नाही. परंतु भुकटी महाग असताना झालेला नफा उत्पादकाशी वाटून घेण्याची कोणतीही सक्ती त्यांच्यावर नसते, आणि मंदी आली की तोटा मात्र पहिल्याच दहा दिवसांत गोठ्यापर्यंत उतरतो. शहरातील ग्राहकाच्या पिशवीची किंमत या चढउतारात क्वचितच खाली येते.

केंद्राच्या निर्णयांनीही या काळात उत्पादकांची चिंता वाढवली. राज्यात आंदोलने पेटलेली असताना जून २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारने १० हजार टन दूध भुकटी एरवीच्या ६० टक्क्यांऐवजी १५ टक्के सवलतीच्या शुल्काने आयात करण्यास परवानगी दिली. देशातील वार्षिक दूध उत्पादन २०२३-२४ मध्ये सुमारे २४ कोटी टन होते, हे पाहता हे प्रमाण किरकोळ होते. तरीही साठे तुंबलेल्या बाजारात त्याचा संदेश भाव आणखी पडण्याचाच जातो. दुसऱ्या बाजूला राज्य शासन त्याच सुमारास भुकटीच्या निर्यातीसाठी किलोमागे ३० रुपये प्रोत्साहन जाहीर करत होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोतूळ येथे किसान सभेच्या पुढाकाराने त्या जुलै महिन्यात दीर्घकाळ चाललेल्या धरणे आंदोलनात आयातीचा निर्णय मागे घेण्याची मागणी दराच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडली गेली.

अंमलबजावणीचा भाग वेगळाच तपास मागतो. अनुदान मिळण्यासाठी जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असणे, त्या क्रमांकाची 'भारत पशुधन' या राष्ट्रीय नोंदणीत मालकाच्या नावाने नोंद असणे, मालकाचे बँक खाते आधार क्रमांकाशी जोडलेले असणे, आणि संकलन केंद्राने दर दहा दिवसांची दूधनोंद संगणकावर भरणे, अशी साखळी पूर्ण व्हावी लागते. कागदावर ही साखळी निर्दोष दिसते. प्रत्यक्षात गाय सासऱ्याच्या नावावर नोंदलेली असते, डेअरीचे पासबुक मुलाच्या नावावर असते, आणि सकाळी पाचला उठून धार काढणारी, शेण काढणारी, वैरण टाकणारी सून कोणत्याच कागदावर नसते; अशा कुटुंबात तीन नोंदींची नावे एकमेकांशी जुळत नाहीत आणि अर्ज अडकतो. गाय विकली गेली, बिल्ला तुटला, आठवडी बाजारातून नवी गाय आली, तर नोंद बदलण्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात खेपा घालाव्या लागतात. ज्या उत्पादकाचे दूध गावातील गवळी गोळा करतो आणि पुढे कोणा प्रकल्पाला घालतो, त्याच्या दुधाचा पुरावाच त्याच्या हाती नसतो. एकूण दुधाच्या मानाने सर्वांत लहान असलेला उत्पादक या चाळणीतून सर्वांत आधी गळतो, आणि वीस-तीस गायींचा, संगणकावर हिशेब ठेवणारा मुक्त गोठा सहज पार होतो. लहान उत्पादकांसाठी आखलेल्या योजनेत ही उलटापालट होणे गंभीर आहे. म्हशीच्या दुधाला तर योजनेत स्थानच नव्हते. भुकटीच्या मंदीचा मुख्य फटका गायीच्या दुधाला बसतो हे त्यामागचे कारण खरे असले, तरी दोन म्हशींच्या मालकाला पेंड गायवाल्याहून स्वस्त मिळत नाही.

योजनेच्या तारखाही बोलक्या आहेत. पहिला टप्पा ११ जानेवारी ते १० फेब्रुवारी २०२४ असा महिन्याभराचा होता आणि नंतर तो १० मार्चपर्यंत वाढवला गेला. त्यानंतर जूनअखेरपर्यंत काहीच नव्हते. दुसरा टप्पा जुलै ते सप्टेंबर आणि तिसरा ऑक्टोबर-नोव्हेंबर असा होता. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि योजनेची मुदत ३० नोव्हेंबरला संपली. गाय घेण्याचा, कालवड वाढवण्याचा किंवा मुरघास भरण्याचा निर्णय शेतकरी दोन-तीन वर्षांच्या हिशेबाने घेतो, कारण कालवडीची गाय होऊन पहिल्या वेताचे दूध मिळण्यास सुमारे अडीच-तीन वर्षे लागतात; एका महिन्याच्या मुदतीने जाहीर होणारे आणि मुदत संपल्यावर वाढवले जाणारे अनुदान या निर्णयाला कोणताही आधार देत नाही. २०२५ मध्ये गायीच्या दुधाचे दर पुन्हा तिशीच्या वर गेले ते अनुदान चालू असल्यामुळे नव्हे, तर भुकटीचा बाजार सुधारल्यामुळे; त्या वेळी अनुदान बंद होते.

शेजारच्या कर्नाटकाने वेगळा रस्ता धरला. तेथे २००८ मध्ये लिटरमागे २ रुपये प्रोत्साहनरक्कम सुरू झाली. पुढे ती वाढत ५ रुपयांपर्यंत गेली, आणि सत्तेवर येणाऱ्या प्रत्येक पक्षाने ती चालू ठेवली. ती सहकारी संघाला दूध घालणाऱ्यालाच मिळते. यामुळे शेतकरी सहकाराकडे वळतो, सहकाराकडे दूध अधिक असल्यामुळे बाजारातील दर सहकार ठरवतो, आणि खासगी खरेदीदाराला त्या दराच्या आसपास राहावेच लागते. रक्कम थकल्याच्या तक्रारी तेथेही होतात. परंतु अतिरिक्त दुधाची वाट कर्नाटकाने अनुदानाबरोबरच काढली : २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'क्षीरभाग्य' योजनेत भुकटीपासून तयार केलेले १५० मिलिलिटर दूध शाळकरी मुलांना दिले जाते, आणि त्यामुळे पुष्टकाळातील भुकटीला राज्यातच एक कायमचा ग्राहक मिळाला. राजस्थानही सहकारी संघांच्या उत्पादकांना लिटरमागे ५ रुपये देते, तर हिमाचल प्रदेशाने गायीच्या आणि म्हशीच्या दुधाला किमान आधारभूत दर जाहीर करून खरेदीची जबाबदारी राज्याच्या दूध महासंघावर टाकली.

महाराष्ट्रात कर्नाटकाची वाट आज तशीच्या तशी चालता येणार नाही, कारण येथील सहकार विखुरलेला आहे. मुंबईच्या दुधासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली, पुढे शासनाचे दुग्धविकास खाते जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले, आणि अनेक वर्षे शासन स्वतःच राज्यातील मोठा दूध खरेदीदार होते. त्या काळी शासनाने जाहीर केलेला दर हा एका मोठ्या ग्राहकाने देऊ केलेला दर असे. म्हणून तो बाजारात चाले. १९९१ नंतर परवाना पद्धत सैल झाली, १९९२ च्या दूध व दुग्धपदार्थ आदेशाने घातलेले संकलनक्षेत्राचे निर्बंध २००२ मध्ये उठले, खासगी प्रकल्प वाढले, शासकीय योजनांचे संकलन नाममात्र उरले, आणि राज्याची शिखर संस्था असलेल्या 'महानंद'चे व्यवस्थापन २०२४ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावे लागले. खरेदी थांबली तरी दर जाहीर करण्याची सवय मात्र राहिली. सहकारी संघांना सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली निर्देश देता येतात. खासगी प्रकल्पाने ३४ रुपये दिले नाहीत तर त्याच्यावर कारवाई करण्यासाठी तसा कायदाच नाही. केंद्र सरकार ज्या २२ पिकांना हमीभाव जाहीर करते त्यांत दूध नाही, आणि उसाप्रमाणे त्याला स्वतंत्र वैधानिक दरही नाही.

जेथे सहकार टिकला तेथे चित्र वेगळे आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे 'गोकुळ', वर्षअखेरच्या हिशेबातून निघणारा दूध दरफरक दिवाळीच्या तोंडावर उत्पादकांना देतो. दरफरक म्हणजे वर्षभर दिलेल्या दरावर नंतर मिळणारी वाढीव रक्कम. गुजरातमधील संघही वर्षाच्या शेवटी असा फरक देतात, आणि ग्राहकाच्या रुपयातील सुमारे ८० पैसे उत्पादकापर्यंत पोहोचवल्याचे सांगतात. ज्या संस्थेचा नफा उत्पादकाचाच असतो, तिच्या बाबतीत अनुदान मूळ दरातून वजा होण्याची भीती फार कमी असते. झालेली वजाबाकी वर्षअखेरीस दरफरकात परत दिसते.

म्हणून दुधाला एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, आणि महसुलातील वाटा मिळावा, ही संघटनांची अनेक वर्षांची मागणी अनुदानाच्या मागणीहून अधिक मूलगामी आहे. उसाच्या बाबतीत महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाची विभागणी शेतकरी आणि कारखाना यांच्यात ७०:३० च्या सूत्रावर आणली. दुधाचे सूत्र याहून गुंतागुंतीचे होईल, कारण एकाच दुधापासून पिशवी, दही, पनीर, तूप, आइस्क्रीम आणि भुकटी असे वेगवेगळ्या नफ्याचे पदार्थ निघतात आणि त्यांचे प्रमाण रोज बदलते. परंतु प्रकल्पाने किती दूध घेतले, किती पिशवीत विकले आणि किती भुकटीत वळवले, याची नोंद त्याच्यापाशी असतेच, आणि ज्या शासनाने प्रत्येक गायीच्या कानातील क्रमांक संगणकावर मागितला त्याला प्रत्येक प्रकल्पाचा हा ताळेबंद मागणे कठीण नाही.

तोपर्यंत अनुदान द्यावयाचेच असेल, तर ते भुकटीच्या भावाशी बांधलेले, भाव ठरलेल्या रेषेखाली गेला की आपोआप सुरू होणारे आणि वर आला की थांबणारे असावे, आणि त्याचा निधी तेजीच्या काळात भुकटी व लोण्याच्या विक्रीवर लहानसा अंश आकारून साठवलेला असावा. दिवसाला एक कोटी लिटरवर ७ रुपये म्हणजे दिवसाला ७ कोटी आणि महिन्याला २१० कोटी रुपये होतात. एवढी रक्कम निवडणुकीच्या वर्षात एकदा काढता येते, दर मंदीत काढता येत नाही. प्रकल्पाचा किमान दर अनुदानाच्या काळात खाली आणता येणार नाही, ही अट अशा योजनेत पहिल्या ओळीत लिहावी लागेल. वजनकाटे आणि दुधाची प्रत मोजणारी यंत्रे यांची अनपेक्षित तपासणी, कपातीचा तक्ता केंद्राच्या भिंतीवर लावण्याची सक्ती, आणि बिलाच्या पावतीवर फॅट, एसएनएफ, मूळ दर व कपात हे चारही आकडे वेगळे छापण्याची अट यांसाठी तर कोणत्याही नव्या निधीची गरज नाही. पासबुक ज्याच्या नावे असेल त्याच्याबरोबर गोठ्यात काम करणाऱ्या स्त्रीचे नाव संयुक्त उत्पादक म्हणून नोंदवण्याची सोय केली, तर अडकलेले अनेक अर्जही त्याच नोंदीने सुटतील.